वगळलेल्या सात ओळी

तर झालं असं, की यंदा गणपतीला गावी गेलो आणि हातपाय धुवून चहा घेतो न घेतो तोच वाडीच्या मीटिंगचं बोलावणं आलं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गावाच्या वरच्या अंगाला रहाटी आहे, म्हणजे घाटावरची मंडळी जिला देवराई म्हणतात ती. देवळाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा घाट घातलाय, त्यात रहाटीच्या कडेची एक पट्टी आणि वीस-बावीस जुनी झाडं जाणार. गावातले निम्मे लोक म्हणतात जाऊ दे, निम्मे म्हणतात हात लावायचा नाही. अशा वेळी मुंबई मंडळाला एक नामी युक्ती सुचली. सेक्रेटरी काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग जरा फायद्या-तोट्याचा तक्ता करून आण बघू. उगाच भांडणं नकोत."

केला. इंजिनियर माणसाला एक्सेल उघडायला निमित्तच लागतं. लाकडाचा घनफुटाचा दर, जागेचा सरकारी दर, वाचणारं पेट्रोल, आजारी माणसाला खाली न्यायला लागणारा वेळ, सगळं मांडलं. वर आगाऊपणा म्हणून घरोघरी जाऊन एक प्रश्नही विचारला, "रहाटी आहे तशी ठेवायची असेल तर तुम्ही वर्षाला किती वर्गणी द्याल?" कुणी शंभर म्हणालं, कुणी पाचशे. सात जणांनी मात्र आकडा सांगितलाच नाही. त्यात माझी चुलत आजी. ती म्हणाली, "रहाटी काय माझी आहे होय रे, पैसे सांगायला?" आता रकाना आकड्यांचा, त्यात हे वाक्य कुठे बसवणार? त्या सात ओळी मी डिलीट केल्या आणि सरासरी काढली. रस्ता भरघोस फरकाने जिंकला.

पुण्याला परत आल्यावर कॉलेजातल्या रूममेटशी फोनवर बोलताना हे सहज सांगितलं. हा पठ्ठ्या आमच्यासारखाच सी आणि जावा शिकून बाहेर पडला होता. मग त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून परदेशात पीएचडी करायला गेला. विषय म्हणजे जैवविविधतेबाबत निर्णय घेताना निसर्गाची नाना प्रकारची मूल्यं कशी धरली जातात किंवा धरली जात नाहीत. इतके दिवस आम्ही त्याची चेष्टाच करत आलो. या वेळी तो खो खो हसला आणि म्हणाला, "अरे, तू जे केलंस त्याला आमच्यात नाव आहे. त्या सात ओळींवर लोकांनी प्रबंध लिहिलेत!"

त्यानंतरचे तीन वीकेंड या वाचनात गेले. त्याचंच हे फलित. लेख लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात थोडी मागून करतो. आपल्याकडे जंगलाचा हिशोब पद्धतशीर मांडायला लागले ते इंग्रज, आणि तोही एका जर्मन माणसाच्या हातून. डीट्रिश ब्रांडिस हा वनस्पतीशास्त्रज्ञ १८५६ साली ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या जंगलांचा कारभार बघायला आला. १८६४ साली हिंदुस्थानात वनखातं स्थापन झालं तेव्हा तो त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याची पद्धत साधी होती. किती जाडीची किती झाडं उभी आहेत ते मोजायचं, दरसाल त्यात किती भर पडते ते काढायचं, आणि तेवढीच तोड करायची. आजच्या भाषेत शाश्वत वगैरे. वाईट काहीच नाही. फक्त या तक्त्यात रकाना एकच होता, लाकूड. रेल्वेला स्लीपर लागत होते, जहाजांना साग लागत होता. १८७८ च्या वनकायद्याने मोठमोठी जंगलं 'राखीव' झाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारे, मध आणि कंदमुळं गोळा करणारे लोक कागदावर अतिक्रमणवाले ठरले. त्यांचं जगणं लाकडाच्या रकान्यात बसत नव्हतं एवढाच त्यांचा गुन्हा. गंमत म्हणजे ब्रांडिसला देवराया माहीत होत्या. हिंदुस्थानात जवळपास सगळीकडे त्या दिसल्याचं त्याने नंतर लिहून ठेवलंय. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, पण खात्याच्या हिशोबात ते मांडायची सोय नव्हती.

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ, पण मुद्दा तोच धरून. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला कागद गिरणी निघाली. १९५८ साली सरकारने तिला बांबू द्यायचं ठरवलं. दर किती, तर टनाला दीड रुपया! हा आकडा मी तीनदा तपासला. दीड रुपया टन. त्याच बांबूच्या टोपल्या-सुपं विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना बाजारात बांबू याच्या कितीतरी पट महाग पडत होता. थोड्याच वर्षांत बांबू संपत चालला आणि बुरुड ओरडायला लागले.

१९७५ साली कर्नाटक सरकारने याचा अभ्यास करायला माधव गाडगिळांना सांगितलं. गाडगीळ मूळचे पुण्याचे. हार्वर्डला गणिती परिस्थितीकीत पीएचडी करून, तिथल्या कॉम्प्युटर सेंटरवर आयबीएमची फेलोशिप करून १९७१ साली परत आलेले. (आयटीवाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.) वनखात्याचं आणि गिरणीचं म्हणणं असं, की बांबूचा नाश करतात ते गावकरी आणि त्यांची गुरं. कोवळे कोंब खातात, मग बेट वाढणार कसं? गाडगीळ आणि त्यांचे सहकारी बांबूच्या बेटांत हिंडले, मोजमापं घेतली आणि गावकऱ्यांशी बोलले. गावकऱ्यांचं सांगणं वेगळंच निघालं. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. बेट 'मोकळं' व्हावं, वाढ चांगली व्हावी म्हणून खात्याच्या नियमानुसार ते जाळं तोडून साफ करत. गावकरी म्हणाले, तेच तर कुंपण होतं! ते काढलंत म्हणून गुरांना आणि जंगली जनावरांना कोंबांपर्यंत पोचता आलं. मोजमाप केल्यावर गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. शिवाय बांबूच्या साठ्याचे सरकारी अंदाजही प्रत्यक्षापेक्षा खूप फुगवलेले निघाले.

मला यातली एक गोष्ट फार लागली. दीड रुपया हा दर चुकीचा होता हे तर उघडच आहे. पण समजा दर बरोबर लावला असता, तरी काट्यांच्या कुंपणाची माहिती कुठून येणार होती? ती बुरुड आणि गुराखी यांच्या डोक्यात होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे क्लायंटच्या टेबलाशी न जाता रिक्वायरमेंट लिहिणारे बिझनेस अ‍ॅनालिस्ट असतात, त्यांची आठवण झाली. असो.

त्याच दशकात गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. त्यांचा १९७६ सालचा निबंध आजही या विषयात पहिला वाचायचा निबंध मानला जातो. त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाचा प्रसंग आहे. तिथली काळकाईची देवराई तोडीसाठी नेमली गेली होती. हे दोघं देवरायांचा अभ्यास करतात असं कळल्यावर गावकऱ्यांनीच त्यांना मदत मागितली, आणि ती तोड टळली. गावाला देवीही हवी होती आणि राईतून येणारं पाणीही. आपण शहरातले लोक लगेच विचारतो, "म्हणजे खरं कारण कुठलं? श्रद्धा की पाणी?" गावात ही दोन वेगळी खाती नसतात हे मला आमच्या रहाटीवरून पक्कं माहीत आहे. पऱ्याचं पाणी देवाच्या पायाखालून येतं, बस्स.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की मग पैशात मोजमाप करणं हेच पाप आहे. मलाही एक दिवस तसं वाटलं. पण ते खरं नाही, आणि ही दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल.

किंमत लावली नाही तर सरकारी हिशोबात जंगलाची किंमत अनंत होत नाही, शून्य होते. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी आकडे काढायला सुरुवात केली. कलकत्ता विद्यापीठातल्या प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ साली एका झाडाची पन्नास वर्षांची 'सेवा' मोजली. प्राणवायू, जमिनीची धूप थांबवणं, पाणी, पक्ष्या-प्राण्यांना आसरा वगैरे. उत्तर आलं सुमारे १५ लाख ७० हजार रुपये. हा आकडा मग शाळांच्या फळ्यांवर आणि वृक्षारोपणाच्या भाषणांत इतका फिरला की तो कुणी काढला हेच लोक विसरले. १९९७ साली रॉबर्ट कोस्टांझा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' मासिकात सगळ्या पृथ्वीचंच बिल काढलं, वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर. त्या वर्षांतल्या जगाच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त!

आपल्याकडे हे काम शेवटी सुप्रीम कोर्टाने केलं. गोदावर्मन खटला १९९५ साली दाखल झाला आणि पुढे दशकानुदशकं चालला. त्यात कोर्टाने २००२ साली ठरवलं, की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर तिचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरा. तेव्हा दर होता हेक्टरी ५.८० लाख ते ९.२० लाख रुपये. मग अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांची समिती नेमली, तिने शास्त्रशुद्ध पद्धत सुचवली, आणि २००८ च्या मार्चमध्ये जंगलाचा प्रकार आणि घनता बघून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर ठरले. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. पाच आणि दहाच का? प्रोग्रॅमर लोकांना हे ओळखीचं वाटेल, कोडमध्ये कुठेतरी कुणीतरी एक आकडा टाकून ठेवलेला असतो आणि मग तो कुणीच काढत नाही. तरीही या पद्धतीने एक मोठं काम केलं. दीड रुपया टन म्हणण्याची सोय राहिली नाही. जंगल घ्यायचं तर खिशात हात घालावा लागला.

पण बाजारात जे विकलंच जात नाही त्याची किंमत कशी काढायची? इथे माझ्या सात ओळी येतात.

१९८९ च्या २४ मार्चला अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्झॉन व्हाल्डेझ' नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि एक कोटीहून जास्त गॅलन तेल समुद्रात सांडलं. मच्छीमारांचं नुकसान मोजता येत होतं. पण अमेरिकेत जे लोक तो किनारा जन्मात बघणार नव्हते, तरीही ज्यांना वाईट वाटलं, त्यांचं काय? अलास्का राज्याच्या वतीने अर्थतज्ज्ञांनी देशभर घरोघरी जाऊन विचारलं, "असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही किती पैसे द्यायला तयार आहात?" सगळी बेरीज आली २.८ अब्ज डॉलर. या पद्धतीवर इतका गदारोळ झाला की अमेरिकन सरकारच्या एका खात्याने केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. १९९३ साली समितीने सांगितलं, की काळजीपूर्वक केली तर पद्धत वापरण्यासारखी आहे.

या पद्धतीत काही लोक हमखास असे भेटतात, जे आकडा सांगत नाहीत. किंवा मुद्दाम शून्य सांगतात, किंवा "जगातले सगळे पैसे" असं काहीतरी म्हणतात. त्यांना किनारा नको असतो असं नाही. प्रश्नच मान्य नसतो. अशा उत्तरांना 'निषेधाची उत्तरं' म्हणतात आणि सरासरी काढण्याआधी ती बाजूला काढण्याचा प्रघात आहे. कारण सरळ आहे, आकडा नाही तर सरासरी कशी काढणार? मी गावात नेमकं हेच केलं होतं, तेही कुठलंही पुस्तक न वाचता. माझा मित्र म्हणतो की त्याच्या सगळ्या प्रबंधाचा गाभा एवढाच आहे. ज्यांचं निसर्गाशी नातं सगळ्यात घट्ट, त्यांची ओळ सगळ्यात आधी गळते.

आणि मग त्याने मला नियमगिरीबद्दल वाचायला लावलं. ओडिशातली ही गोष्ट बातम्यांतून आपण सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांत ऐकली आहे. सलग वाचली तर ती वेगळीच दिसते.

नियमगिरी म्हणजे कालाहांडी आणि रायगडा (आपलं रायगड नव्हे) या जिल्ह्यांच्या सीमेवरचे डोंगर. माथ्यावर बॉक्साइट आहे, सुमारे साडेसात कोटी टन. कोकणातला सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. वर सच्छिद्र दगडाचं टोपण असतं, पावसाचं पाणी ते स्पंजासारखं पितं आणि खाली उतारावर झऱ्यांतून वर्षभर सोडत राहतं. वंशधारा नदी इथेच उगम पावते. या डोंगरांत डोंगरिया कोंध राहतात, संख्येने जेमतेम आठ-दहा हजार. उतारावर अननस, हळद, फणस, संत्री लावतात. माथ्याला मात्र हात लावत नाहीत, तो नियमराजाचा. नियमराजा म्हणजे त्यांचा देव, आणि नावाप्रमाणे नियम घालून देणारा राजा.

डोंगराच्या पायथ्याशी लांजीगडला वेदांता कंपनीने अ‍ॅल्युमिना रिफायनरी उभारली. २००४ साली तिला पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. वरच्या खाणीची परवानगी अजून मिळायची होती. म्हणजे अ‍ॅप्लिकेशन आधी लाइव्ह, डेटाबेस नंतर बघू. २००५ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्याच केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सांगितलं की इथे खाण नको. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक मजेशीर प्रकार झाला. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने नैतिकतेच्या कारणावरून वेदांतातली गुंतवणूक काढून घेतली होती, त्याचा उल्लेख करून कोर्टाने वेदांताला नकार दिला. पण त्याच समूहातली स्टरलाइट कंपनी काही अटी मान्य करून येत असेल तर विचार करू, असंही म्हटलं.

त्या अटी हा माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सगळ्यात वाचनीय भाग. २००८ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने त्या अटींवर ६६०.७४९ हेक्टर जंगल खाणीला द्यायला मान्यता दिली. जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्यापोटी ५५ कोटी रुपये. वन्यजीव व्यवस्थापनासाठी ५०.५३ कोटी. आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी. शिवाय दरवर्षी त्या भागाच्या विकासाला नफ्याचे पाच टक्के किंवा १० कोटी, जे जास्त असेल ते. मी ५५ कोटींना ६६०.७४९ ने भागून पाहिलं, हेक्टरी साधारण सव्वाआठ लाख येतात. हिशोब बरोबर आहे, दर नियमात आहे. तुम्ही-आम्ही केला असता तरी यापेक्षा फार वेगळा तक्ता आला नसता. कोर्टाची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. शाळा, दवाखाने, रस्ते यावेत हीच त्या पाच टक्क्यांमागची कल्पना होती, आणि कालाहांडीची गरिबी काही खोटी नव्हती.

फक्त ज्यांच्या नावाने हा हिशोब झाला, त्या डोंगरियांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मधल्या काळात एक कायदा आला होता, २००६ चा वनहक्क कायदा. १८७८ च्या कायद्याने जे हक्क पुसले, ते या कायद्याने मान्य केले आणि ते ठरवण्याचं काम ग्रामसभेपासून सुरू केलं. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला याच कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा अधिकार. (दांडेलीचा दीड रुपया आठवतोय ना?) नियमगिरीत २०१० साली एन. सी. सक्सेना समिती गेली. खाणीसाठी १.२१ लाख झाडं तोडावी लागतील आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी झालेलीच नाही, असा अहवाल तिने दिला. २४ ऑगस्ट २०१० ला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवानगी नाकारली. ओडिशाचं सरकारी खाण महामंडळ कोर्टात गेलं. आणि १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की या खाणीने लोकांच्या सामूहिक, सांस्कृतिक आणि धार्मिक हक्कांवर काय परिणाम होतो ते ग्रामसभांनीच सांगावं. राज्य सरकारचं म्हणणं होतं की नियमराजाचं मुख्य ठाणं खाणीच्या जागेपासून दहा-एक किलोमीटर लांब आहे. कोर्ट म्हणालं, त्याला धक्का लागतो की नाही तेही ग्रामसभाच बघतील.

राज्य सरकारने सभा घ्यायला गावं निवडली फक्त बारा. डोंगरांत गावं शंभराच्या वर आहेत, त्यामुळे केंद्राच्या आदिवासी खात्यानेसुद्धा यावर आक्षेप घेतला. तो आक्षेप मला रास्तच वाटतो. १८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३, भर पावसात सभा झाल्या. प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक हजर, पोलीस बंदोबस्त, पत्रकार. पहिली सभा सेरकापाडीला, शेवटची जरपाला. डोंगरियांखेरीज काही गावांत कुटिया कोंध होते, गौडा होते, दलित होते. इजुरुपा तर एका कुटुंबाएवढं गाव.

लोकांनी काय सांगितलं? झरे सांगितले. अननस आणि हळद सांगितली. नियमराजा सांगितला. डोंगर गेला तर आम्ही कुठले, असं विचारलं. हे सगळं एकाच दमात, कोणताही रकाना न पाडता. आणि प्रत्येक ठिकाणी ते जसंच्या तसं लेखी नोंदलं गेलं. निषेधाची उत्तरं होती ही सगळी, बारा गावं भरून. फरक एवढाच होता की या वेळी ती बाजूला काढायची मुभा कुणाला नव्हती. बारापैकी बारा सभांनी नाही म्हटलं. २०१४ च्या जानेवारीत केंद्राने खाण कायमची नाकारली. २०१६ साली महामंडळ पुन्हा कोर्टात गेलं, तेव्हा कोर्टाने ग्रामसभांचा निर्णय पुन्हा उकरायला नकार दिला.

परीकथा नाही ही. रिफायनरी तिथेच उभी राहिली, बॉक्साइट बाहेरून आणून चालू राहिली. ते बॉक्साइटही कुठल्यातरी डोंगरातूनच येतं, आणि तिथेही लोक राहतातच. शिवाय नियमगिरीला ठाम कायदा, धीट समिती, देशभरचं लक्ष हे सगळं एकदम मिळालं. एवढं सगळं जुळून येणं दुर्मीळच.

मी मित्राला विचारलं, "म्हणजे तुमच्या पीएचड्या काय करतात? नियमगिरीच्या लोकांना कुठल्या प्रबंधाची गरज पडली?" तो जरा गप्प झाला. मग म्हणाला की हाच प्रश्न त्यांना स्वतःलाही छळतो. २०२२ च्या जुलैमध्ये बॉन शहरात आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने निसर्गाच्या मूल्यांवरचा मोठा अहवाल मंजूर केला. ८२ तज्ज्ञ, १३ हजारांहून जास्त संदर्भ. निसर्गाचं मूल्य काढायच्या पन्नासहून जास्त पद्धती त्यांना सापडल्या. उपयोगाचं मूल्य, निसर्गाचं स्वतःचं असं मूल्य आणि नात्याचं मूल्य, अशी तीन ठळक भावंडं त्यांनी मांडली. आजीचं वाक्य तिसऱ्यात येतं. आणि मग त्यांनी स्वतःच्याच विद्याशाखेचा पंचनामा केला. तपासलेल्या हजारावर अभ्यासांपैकी निघालेले निष्कर्ष संबंधित लोकांना दाखवून त्यांचं मत घेतलं, असे अभ्यास फक्त २ टक्के. पहिल्यापासून शेवटपर्यंत लोकांना बरोबर घेणारे १ टक्का. आणि निष्कर्षांचा प्रत्यक्ष धोरणात वापर झाल्याची नोंद जेमतेम ५ टक्क्यांत. माझ्या तक्त्यापेक्षा परिस्थिती फार बरी नाही म्हणायची :)

त्याच्या वर्षभर आधी, २०२१ साली, आपल्याकडे सुप्रीम कोर्टासमोर बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी तोडायच्या ३५६ झाडांचा प्रश्न होता, तेव्हा तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये काढली. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. या दराने आमच्या रहाटीतली वीस-बावीस झाडं धरली तर रस्ता हरतो, तोही दणकून. मी आकडे टाकून बघितले. म्हणजे एकाच जागेचा एक तक्ता रस्ता जिंकवतो, दुसरा झाडं जिंकवतो, आणि दोन्हींमध्ये आजी नाही. खरं सांगायचं तर दुसरा तक्ता बघून मला बरं वाटलं होतं. तोच घेऊन जावा असा मोहही झाला.

आमच्या गावात रहाटीतली वाळकी फांदी काढायची तरी आधी देवाला कौल लावायची पद्धत आहे. मीटिंगमध्ये एका म्हाताऱ्या मानकऱ्यांनी तसं सुचवलंही होतं आणि आम्ही तरुण मंडळी गालात हसलो होतो. रस्ता हवा असणाऱ्यांचंही चूक नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना खुर्चीत बसवून पाखाडीने खाली आणावं लागलं होतं, त्या चौघांत मीही होतो. त्यांचीही ओळ तक्त्यात हवीच, आणि ती 'वाचलेली मिनिटं' अशी नको.

परवा रात्री फाईल पुन्हा उघडली. डायरीत सगळ्यांची उत्तरं लिहून ठेवलेली होतीच, त्या सात ओळी परत टाकल्या. आकड्यांच्या रकान्यात त्यांची वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. सरासरी एका पैशानेही हलली नाही. एक्सेलचं ते सूत्र शब्द असलेले चौकोन गुपचूप सोडून देतं, एररसुद्धा दाखवत नाही. इतकी वर्षं वापरतोय, हे माहीतही होतं, पण कधी टोचलं नव्हतं.

पुढची मीटिंग शिमग्याला आहे. सरासरीची ओळ काढून टाकली आहे आणि सगळ्या घरांची उत्तरं मोठ्या अक्षरांत छापून नेणार आहे, आकडे असतील तिथे आकडे, वाक्यं असतील तिथे वाक्यं. सेक्रेटरी काकांना फोनवर सांगितलं तर ते वैतागले, "अरे, मग निर्णय कसा घ्यायचा?" मी म्हटलं, बसून वाचू या काका, सगळी मिळून तीन पानंच आहेत.